केकमध्ये वेलची नव्हती

"बातमी? माझ्याकडे?" फोनवर मेर्ल म्हणाला. "आर्डिस, बाहेर उणे अठ्ठावीस आहे. माझी गाडी सुरू होत नाहीये. तेवढंच लिही."

"गेल्या आठवड्यात तेच लिहिलं होतं," आर्डिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि चार वाजता तिला मजकूर फोनवरून शहरात सांगायचा होता. जिल्ह्याच्या साप्ताहिकात 'विलो लेकची खबरबात' हे सदर ती छत्तीस वर्षं लिहीत होती. रविवारी कोण कोणाकडे जेवायला गेलं, कोणाची मुलगी फार्गोहून आली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नाव, वार आणि घडलेली गोष्ट, एवढंच. नाव छापून आलं की लोक कात्री शोधत. राहून गेलं की आर्डिसला.

सदराच्या शेवटी हवामानाचं एक वाक्य असे. ते मात्र तिचं स्वतःचं. आठवडाभर ती ते शोधत असे, भांडी घासताना, टपालपेटीपर्यंत चालत जाताना. गेल्या आठवड्याचं होतं, 'सोमवारी सकाळी सूर्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा सूर्य उगवला होता. खरा कोणता, ते गाईंना ठाऊक होतं.' हे वाक्य सुचलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध थांबून एकटीच हसली होती.

पण ब्राइसना वाक्यं नको होती, बातम्या हव्या होत्या. ब्राइस म्हणजे नवे संपादक, वय एकोणतीस. आठ बातम्या नसतील तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं त्यांनी सोमवारी नम्रपणे कळवलं होतं. आर्डिसकडे सात होत्या. सातव्या बातमीत ती स्वतःच दंतवैद्याकडे गेली होती.

ती उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. कॉफीचा कप तिसऱ्यांदा भरला आणि ओट्यावर विसरला. खिडकीतून दोन धुराडी दिसत होती. डावीकडचं ऑर्विल हागेनचं, उजवीकडचं त्याच्या धाकट्या भावाच्या विधवेचं, थेल्माचं. मध्ये अर्धा मैल बर्फ. अकरा वर्षांपूर्वी भावाला पुरल्यावर चर्चमधल्या जेवणाला ऑर्विल थांबला नव्हता. गाय अडली होती, असं तो म्हणाला. थेल्मा काहीच म्हणाली नाही, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांच्या दारात गेली नव्हती. वारा पडलेला होता. दोन्ही धूर सरळ वर जात होते, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर.

आर्डिस टेबलाशी आली आणि तिने लिहिलं, 'रविवारी दुपारी ऑर्विल हागेन थेल्मा हागेन यांच्याकडे कॉफीला गेले होते. केकमध्ये वेलची होती.'

कित्येक आठवड्यांत पेन्सिल अशी चालली नव्हती. तिने ते खोडायला रबर हातात घेतलं. मग पुन्हा वाचलं. वाक्य चांगलं होतं, हीच पंचाईत होती.

चारला पाच कमी असताना तिने आठही बातम्या वाचून दाखवल्या.

"केकचं छान आहे," ब्राइस म्हणाले. "असे तपशील हवेत."

पेपर गुरुवारी आला. दहा वाजता ऑर्विलचा फोन. तो आणि आर्डिस एका वर्गात शिकलेले, त्यामुळे प्रस्तावना नव्हती.

"मी रविवारी भावजयीकडे होतो म्हणे."

"ऑर्विल, चूक माझी आहे. मी..."

"गावच्या धान्य-कोठारावर कॉफीला गेलो तर तिघांनी विचारलं, मिटलं का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"कॉफी जरा पातळ होती म्हणालो," असं सांगून त्याने फोन ठेवला.

थेल्माचा फोन दुपारी आला. तिचा आवाज कोरडा होता. "मी केकमध्ये वेलची घालत नाही. आयुष्यात घातली नाही. वेलची माझी सासू घालायची."

"दुरुस्ती छापते, थेल्मा."

"कशाची? फक्त वेलचीची?"

हे का लिहिलंस, असं थेल्माने विचारलं, तेव्हा धूर दिसला म्हणून, एवढंच आर्डिसच्या तोंडून निघालं. पलीकडे फोन आदळला नाही, हळूच ठेवला गेला. ते जास्त लागलं.

शुक्रवारी आणि शनिवारी आर्डिस घरात एका जागी बसली नाही. कपाटं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. भेट झालीच नव्हती असं छापलं, तर आजवर कोणी न उच्चारलेलं भांडण जिल्हाभर छापून निघणार होतं. न छापावं, तर छत्तीस वर्षं लोकांनी ज्या भरवशावर कात्रणं जपली तो भरवसा गेला. आणि ब्राइसना खरं सांगितलं तर सदर गेलं. दुरुस्तीचे चार मसुदे तिने केले. चारही चुलीत घातले.

रविवारी चर्चमध्ये ऑर्विल डावीकडे बसला, थेल्मा उजवीकडे. नेहमीसारखंच. आर्डिस शेवटची प्रार्थना संपायच्या आत उठून घरी आली.

दोन वाजता ऑर्विलची गाडी तिच्या दारावरून गेली. इतक्या सावकाश की आधी तिला वाटलं, बंद पडतेय. गाडी थेल्माच्या अंगणात वळली आणि थांबली, पण इंजिन चालूच राहिलं. मागून पांढरा धूर निघत होता. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आर्डिस सिंकची कड धरून उभी होती. मग धूर थांबला. ऑर्विल उतरला आणि टोपी काढून दारात उभा राहिला. या थंडीत टोपी हातात.

दार उघडलं. तो आत गेला. थोड्या वेळाने थेल्मा कोट खांद्यावर टाकून बाहेर आली. तिच्या हातात नारिंगी वायर होती. गाडीच्या नाकाशी लोंबणारा प्लग तिने वायरीला जोडला आणि दुसरं टोक घराच्या भिंतीत खोचलं. असल्या दिवसांत इंजिन गोठू नये म्हणून हे करावं लागतं. पण निरोप देऊन लगेच जाणाऱ्याला कोणी वायर आणून देत नाही. वायर मिळते ती बसणाऱ्याला.

गाडी सव्वाचारपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी थेल्माने फोन केला. "साधाच केक होता. नीट लिही," एवढंच म्हणाली.

मंगळवारी आर्डिसने ब्राइसना सांगितलं की दुरुस्ती आहे. हागेन यांची भेट गेल्या रविवारी नव्हती, या रविवारी झाली.

"म्हणजे आठवडा चुकला," ब्राइस म्हणाले. "होतं असं. एका ओळीत उरकू."

तिथेच थांबता आलं असतं. आर्डिस फोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत उभी होती.

"आठवडा चुकला नाही," ती म्हणाली. "मी ते रचलं होतं."

ब्राइस वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोनदा विचारलं की तिला खरोखर असंच म्हणायचं आहे का. मग म्हणाले की याच्यानंतर सदर चालू ठेवता येणार नाही, हे तिलाही कळत असेल. तिने हो म्हटलं. त्यांनी शेवटचा मजकूर लिहून घेतला.

'मागील अंकातील हागेन यांच्या भेटीची बातमी बातमीदाराने मनाने रचली होती. दोष सर्वस्वी तिचा. ऑर्विल हागेन या रविवारी दोन वाजता थेल्मा हागेन यांच्याकडे गेले होते. केकमध्ये वेलची नव्हती.'

"आणि हवामानाचं?" ब्राइसनी विचारलं. आजवर त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

"रविवारी उणे तेवीस," आर्डिस म्हणाली. "विलो लेकमध्ये एक गाडी दोन तास उबेला होती."

पुढच्या मंगळवारी तिने जेवण लवकर आटोपलं. मोजे रफू करायला घेतले, अर्ध्यात टाकले. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून दोनदा पाहिलं. पावणेतीनला फोन वाजला.

"गाडी सुरू झाली," मेर्ल म्हणाला.

"सदर बंद झालं, मेर्ल."

"वाचलं मी. गाडी आज सकाळी नऊला सुरू झाली. लिहून घे."

आर्डिसने वही ओढली, पेन्सिलीचं टोक पाहिलं आणि वार, नाव घालून लिहून घेतलं.