आजोबांचं नाक

आजोबांनी चाळीस वर्षं चहाच्या कंपनीत चव पारखायची नोकरी केली होती. नुसत्या वासावरून ते पान कोणत्या महिन्यात खुडलंय हे सांगत. म्हणूनच जावयाने त्यांच्या पंच्याहत्तरीला आजी आणि नातीसकट वाइनच्या मळ्यांची सहल काढली. बिचाऱ्याला कुठे ठाऊक, की दोन महिन्यांपूर्वीच्या तापात आजोबांची वास घ्यायची शक्ती साफ गेली होती! त्यांनी हे कुणाच्याच कानावर घातलं नव्हतं. नाकच गेलं तर घरात आपल्याला कोण विचारणार, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

एवढा गारठा, तरी जावयाने गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवल्या. आजोबा मफलर आवळत कुरकुरले, पण कुणी दाद दिली नाही.

मळ्यातल्या तळघरात वाइनवाल्या बाईंनी पेले मांडले. त्यांच्या मागे फळ्यावर प्रत्येक वाइनचं वर्णन ओळीने लिहिलेलं. आजोबांचं आयतंच फावलं.

"चेरी," पहिला पेला हुंगून ते म्हणाले. "मागाहून जराशी मिरी."

बाई थक्क झाल्या. दुसऱ्या पेल्याला आजोबांनी मध ओळखला आणि जावयाची छाती फुगली. तिसरा पेला नाकाशी धरून त्यांनी फळ्याची तिसरी ओळ गाठली.

"वा! पिकलेला जर्दाळू!"

जावयाने चमकून पाहिलं. नातीने तर नाक दाबून धरलं होतं.

"आजोबा, हे व्हिनेगर आहे!"

बिघडलेली वाइन कशी ओळखायची ते दाखवायला बाई प्रत्येक पाहुण्याला मधेच एक आंबलेला पेला देत. आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला.

बाहेर वेलींच्या कडेला पाव, चीज, ऑलिव्ह असा बेत मांडला होता. आजोबांनी कशालाच हात लावला नाही.

"मला वास येत नाही," ते एकदाचे बोलले. "तापापासून."

"ठाऊक आहे," आजी म्हणाली. "दूध करपलं आणि तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसलात, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने पाव मोडून त्यांच्या नाकापाशी धरला. "ताजा आहे. खालून जरा जास्त भाजलाय."

"चीजला ओल्या गवताचा वास येतोय, आजोबा," नात म्हणाली.

आजोबांचे डोळे भरून आले. इतके दिवस उगाच एकट्याने ओझं वाहिलं, असं त्यांना वाटलं.

"आता ते लोकरीचे मोजे धुवायला टाकाल का?" आजी म्हणाली. "तापापासून झोपेतही काढत नाही तुम्ही. बोलले असते तर तुमचं गुपित फुटलं असतं, म्हणून दोन महिने ब्र काढला नाही मी."

आजोबांनी आधी पायांकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"म्हणून त्या काचा!" ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी तेच हसत सुटले.