नांगर टाकलेलं गलबत

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. माझ्या पोटात समुद्री चाच्यांची मोठी मोहीम आहे. पण खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायला माझ्याकडे जागा एकच. मला घडवणाऱ्यांनी तिथे चिक्कूपणा केला आणि भोगलं एका पोरीने. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

जपानमधल्या याइझू बंदरात इसाओंच्या घरी मी राहायचे. इसाओ ट्यूना धरणाऱ्या जहाजावर कामाला. दहा महिने समुद्रात, महिनाभर घरी. त्या महिन्यात ते आणि त्यांची दहा वर्षांची शिओरी मला घेऊन बसायचे. खेळातल्या कप्तानाला तिने बाबांचंच नाव दिलं होतं. स्वतः झाली त्याच्या हाताखालची तांडेल, खलाशांची मुकादम.

"बाबा, तोफ डागा ना! झोपलात की काय?"

"कप्तानावर ओरडतेस? बटाटे सोलायला बसवीन!"

तीन सुट्ट्या खर्ची पडल्या तेव्हा कुठे गलबत शेवटच्या बेटापाशी पोचलं. नेमकं तेव्हाच इसाओंना जहाजावरून बोलावणं आलं.

"शेवटची लढाई मी आल्यावर. तोवर नांगर टाकून ठेव," ते म्हणाले.

शिओरी रोज मला चालू करायची, गलबत जागेवर आहे ना ते बघायची आणि बंद करायची. मोह झाला नसेल का तिला? पण एक पाऊल पुढे टाकलं नाही पोरीने.

ऑगस्टात ओबोन आला. पितर घरी यायचे दिवस, त्यांच्यामागून नातेवाईकही येतात. आत्याचा पाच वर्षांचा योहेइ माझ्यासाठी हटून बसला.

"दे गं त्याला," आई म्हणाली.

"नको ना आई! तो पुसून टाकेल. बाबांचं गलबत आहे त्यात!"

"पाहुणा आहे तो. आणि तू ताई ना? ताईने सोसायचं असतं. खेळच तर आहे, परत खेळशील."

आत्या "राहू दे हो वहिनी, राहू दे" म्हणाली, पण पोराला उचललं मात्र नाही.

योहेइला वाचता येत नव्हतं. 'जुना खेळ पुसू का?' मी पडद्यावर विचारलं. त्याने 'हो' दाबलं. मी पडले हुकमाची ताबेदार. पुसून टाकलं सगळं.

शिओरी रडली नाही. "बघा, किती समजूतदार आहे!" आईने वर कौतुक केलं. आग लागो त्या समजूतदारपणाला!

थंडीत इसाओ परतले. बूट काढता काढताच म्हणाले, "काय तांडेल, निघायचं ना?"

पडद्यावर पहिलंच बेट होतं आणि कप्तानाचं नाव योहेइ.

"हात्तिच्या! पहिल्यापासून खेळू की!" इसाओ हसून म्हणाले. माणूस मनाने चांगला.

"तुम्ही खेळा बाबा. मला अभ्यास आहे."

ते थोडा वेळ एकटेच खेळले. मग त्यांनी मला खोक्यात ठेवलं. पुढच्या सुट्टीत ते खोकं कोणी उघडलं नाही, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीतही नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्याही घरी पाहुणे येतील. तेव्हा लेकराच्या हातातलं काही काढून दुसऱ्याला देण्याआधी 'यात तुझं काय आहे' एवढं त्याला विचारा. शिओरीने तर न विचारताच सांगितलं होतं.