कडेला पायवाट नसलेला रस्ता

मी एक पिकअप गाडी बोलतेय. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, रंग एके काळी लाल. ओक्लाहोमातल्या एका लहान गावात वर्लिन स्ट्राउडच्या दारात माझं आयुष्य गेलं. माणसं माझ्याशी पुष्कळ बोलली, पण मला कुणी कधी काही विचारलं नाही. आज न विचारताच सांगते.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा पेट्रोल पाण्याच्या भावानं मिळायचं, म्हणून माझं पोट एवढं मोठं ठेवलं. आणि आमची पोटं भरत होती म्हणून गावही ऐसपैस पसरत गेलं. किराणा एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या, शाळा पार माळावर. एक बस होती, ती बंद झाली. कुणी हळहळलं नाही. प्रत्येकाच्या दारात माझ्यासारखी एक उभी होतीच की!

वर्लिन पाइपलाइनवर वेल्डर होता. मला घरी आणलं त्या दिवशी बायकोला, ओलेटाला, शेजारी बसवून त्यानं मला गावभर मिरवलं. तो मला 'पोरी' म्हणायचा. घरात शाळकरी मुलगी होती, जनेल. तिलाही 'पोरी'च. जनेल माझ्यावरच गाडी शिकली आणि माझ्यातच बसून विमानतळाला गेली. जर्मनीत, फ्रायबुर्गला, तिनं डेटलेफशी संसार थाटला.

वर्षं गेली. ओलेटाच्या डोक्यातून माणसं, घर, दिवस एकेक करून निघून गेले, आणि तिला हमरस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. ती कुणाच्याच हातचं खाईना. फक्त वर्लिनच्या हातचं खायची. तो रोज दुपारी ताकात कुस्करलेला मक्याचा पाव डब्यात घेऊन निघायचा. डबा त्याच्या मांडीवर, नाहीतर शेजारच्या सीटवर, ओलेटाच्या जागी.

त्याची दृष्टी अधू झाल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं. समोरची गाडी थांबली की तो थांबायचा. समोर गाडी नसली तर अंदाजानं. परवाना नवा करताना डोळे तपासतात, तर तक्त्यावरची ओळ त्यानं पाठ करून ठेवली होती. एकदा त्यानं स्वतःच्याच दारातली टपालपेटी माझ्या अंगानं आडवी केली आणि खाली उतरून शेजारच्या ड्वाइटला म्हणाला, "काल रात्री वारा फार होता."

ड्वाइटनं मान डोलावली. वारा नव्हता.

मागल्या वसंतात जनेल भेटीला आली. मला पेट्रोल पाजायला वर्लिन तिला घेऊन नदीपलीकडच्या पंपावर निघाला. गावातल्या पंपापेक्षा तिथं गॅलनमागे चार सेंट कमी होते, आणि तेवढ्यासाठी अर्धं गाव नदी ओलांडतं.

"जाऊन येण्यात वाचलेलं सगळं जळतं, बाबा," जनेल म्हणाली.

"मनाला बरं वाटतं, पोरी. तुमच्याकडं काय भाव?"

"एक युरो पंच्याऐंशीच्या आसपास."

"आणि तरी रडता होय रे तुम्ही लोक? इथं तीन डॉलरच्या वर गेलंय!"

"लिटरला, बाबा. तुमच्या एका गॅलनात पावणेचार लिटर मावतात."

वर्लिननं ओठ हलवून हिशोब केला आणि टोपी मागं सरकवली. "अरे देवा! मग जगता कसे?"

"चालत."

"मस्करी नको करू."

"खरंच. नाहीतर ट्राम आहे, सायकल आहे. आमच्याकडं गाडीच नाही."

त्यानं रेडिओ बंद केला. मग हळूच म्हणाला, "डेटलेफची नोकरी गेली का गं? मला सांगायचंस. मी काही परका नाही."

"बाबा, तो दातांचा डॉक्टर आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जनेल ताक आणायला पायी निघाली. थोड्याच वेळात पोलिसांची गाडी तिला मागं बसवून दारात हजर. पोलीस वर्लिनला म्हणाला, "काका, ताई रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. गाडी बंद पडलीय का विचारलं, तर नाही म्हणतात. घरात सगळं ठीक आहे ना?"

वर्लिन खोकला येईपर्यंत हसला. जनेल हसली नाही. "बाबा, इथं पाय टाकायला जागाच नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला ट्रक. माणसानं चालायचं कुठं?"

"चालायचं कशाला?" वर्लिन म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

त्याच दुपारी ओलेटाकडे जाताना समोर गाडी नव्हती आणि दिवा लाल होता. वर्लिन थांबला नाही. जनेल किंचाळली, एक भलामोठा ट्रक माझ्या नाकासमोरून गेला. घरी आल्यावर तिनं हात पुढं केला.

"किल्ली द्या."

"तुझ्या आईला कोण भरवणार?"

"म्हाताऱ्यांसाठी व्हॅन असते. मी बोललेय त्यांच्याशी. रोज येईल, दारातून नेईल, दारात आणून सोडेल."

"मला व्हॅन नको. मला माझी पोरगी पाहिजे."

तो कुणाबद्दल बोलला ते जनेललाही कळलं नाही आणि मलाही.

जनेलचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो दिवा मीही पाहिला होता. तिनं किल्ली ड्वाइटकडे ठेवली, त्याच्याकडून शब्द घेतला आणि ती परत गेली.

व्हॅन यायची. वर्लिन डबा घेऊन पायरीवर बसलेला असायचा. जाताना माझ्या बॉनेटवर थाप मारायचा.

उन्हाळ्यात पेट्रोल भडकलं. कुठल्याशा समुद्रात कुणाशी कुणाचं तरी भांडण झालं म्हणे. पंपावर शिव्या, टीव्हीवर शिव्या. आणि ज्यांना शिव्या द्यायलाही आवाज नव्हता, त्यांची व्हॅन आधी कापली गेली. गावाबाहेरच्या फेऱ्या आठवड्यातून एकदाच. वृद्धाश्रमातून फोन आला, ओलेटा तोंड मिटून बसलीय.

वर्लिन कुंपणापाशी गेला. "ड्वाइट, किल्ली दे."

"वर्लिनकाका, जनेलला शब्द दिलाय मी."

"मग तू मला नेऊन सोड."

"शहरात कामाला जातो मी. निघतो पहाटे, येतो अंधारात. रविवारी नेतो, नक्की."

"ती रविवारपर्यंत थांबेल का रे जेवायची?"

ड्वाइटनं किल्ली काही काढली नाही. तो वाईट माणूस नाही. त्यानं दिलेला शब्द पाळला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. वर्लिननं डबा भरला, टोपी घातली. माझ्याजवळ आला, दार उघडून सीटवर हात फिरवला. मग दार लावलं आणि चालू लागला. उभ्या आयुष्यात मी त्याला दारातून फक्त रस्त्यापर्यंतच चालताना पाहिलं होतं, तेही टपाल आणायला. त्या दिवशी तो वळणावरून दिसेनासा झाला. माझ्या टाकीत पेट्रोल होतं, बॅटरी ठणठणीत होती. मी त्याला जागेवरून हाकही मारू शकले नाही.

हमरस्त्यावर चढणीला त्याला उडवलं. गाडी माझ्याच जातीची होती. चालवणारी बाई कामावर निघाली होती, तिच्या डोळ्यांवर ऊन आलं. मला हे रात्री कळलं, पोलीस ड्वाइटशी बोलत होता तेव्हा. तोच पोलीस. म्हणाला, कागदोपत्री चूक चालणाऱ्याची आहे, कारण तिथं चालायला जागाच नाही. हौद्याला टेकून ड्वाइट लहान मुलासारखा रडला. डबा वर्लिननं सोडला नव्हता, म्हणे.

जनेल आली ती परत गेली नाही. आधी गाडीचा परवाना काढला, मग मला चालू केलं. ओलेटा आता तिच्या हातचे दोन-तीन घास खाते, तेही जनेलनं वर्लिनची टोपी घातली तर. रोजची फेरी आहे. परवा गावातल्या पंपावर फलकाकडे बघून तिनं दार आपटलं. "पुन्हा वाढवलं मेल्यांनी!" आणि मला नदीपलीकडच्या पंपाकडे वळवलं. लिटरला एक पंच्याऐंशी भाव बिनधास्त सांगणारी हीच ती.

मला शिव्या घाला, धूर ओकते म्हणा. खरं आहे ते. पेट्रोल महाग करा, स्वस्त करा, फलकावरचे आकडे मला कुठे कळतात? पण तुमच्या गावात रस्ता रुंद करायला माणसं येतील तेव्हा त्यांना एवढं विचारा, की पोरीविना निघालेला म्हातारा डबा घेऊन कुठून चालेल? उत्तर मिळाल्याशिवाय त्यांना कुदळ मारू देऊ नका.

त्या चढणीवर ड्वाइटनं एक पांढरा लाकडी क्रूस रोवलाय. तिथं आलो की जनेलचा पाय आपोआप सैल पडतो, मी हळू होते. तेवढ्यात मागून भोंगा वाजतो. कडेला थांबायला जागा नाही. आम्ही दोघी पुढे जातो.