तांदळातले देव

“कुंदा, घर सोडतानी रिकामं सोडू नको. कोपऱ्यात डबाभर धान्य ठेवजो. मांगून येणाऱ्याले पहिल्याच दिवशी फिकीर नाही पडली पाहिजे.”

सासूबाईंना, शकुबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली, तरी हा आवाज माझ्या कानात तसाच आहे. म्हणून सोमवारी राळेगावचे भाड्याचे घर सोडताना मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांदळाचा एक डबा ठेवला, त्याला हळदकुंकू लावले आणि मग मुलाच्या, साकेतच्या गाडीत बसले. चोवीस वर्षांचे घर. मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर उतरले असते.

वणीला साकेतच्या फ्लॅटवर पोचल्याबरोबर मी देवघरापुढे बसले. टाक आणि बाळकृष्ण प्रवासात आपटू नयेत म्हणून तांदळात पुरून आणले होते. डबा उघडला, हात घातला. तांदूळ. कोपरापर्यंत हात घातला. तांदूळच. शेवटी डबा परातीत पालथा केला तेव्हा कळले. एकसारखे दोन डबे होते माझ्याकडे. देवांचा डबा मी राळेगावला ठेवून आले होते, तोही हळदकुंकू लावून.

“म्हणजे देव राळेगावातच राह्यले अन् बदली आपलीच झाली,” हे म्हणाले. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेले, त्यामुळे यांना सगळीकडे बदलीच दिसते. साकेत हसला. मला हसू आले नाही.

माझा नेम आहे. देवांना स्नान घातल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही. लग्नापासून तापातही मोडला नाही. सोमवारची पूजा राळेगावला झाली होती, तो दिवस निभावला. मंगळवारी दूध घेतले, एक केळे खाल्ले, आणि पोळी ताटात तशीच राहिली.

सुनेच्या, गौरीच्या ते लक्षात आले. “आई, हॉलमधे फोटो आहे न. त्याले फुलं वाहा अन् जेवा. डबा चुकला हे देवाले काय कळत नाही का?”

“देवाले कळतं गं,” मी म्हटले. “मलेच नाही कळत.”

त्या दिवशी मी एका जागी बसलेच नाही. गॅलरीचा कठडा पुसला. खालून कोळशाचे ट्रक जातात, दुपारपर्यंत पुन्हा काळी भुकटी. पुन्हा पुसला. कपाटातल्या साड्या काढल्या, घड्या तशाच परत ठेवल्या. दिव्याचे बटण म्हणून दाबले की पंखा लागायचा. डोक्यात एकच. त्या घरात आता कोण असेल? डबा कुणी उकिरड्यावर तर नाही ना रिकामा केला? आणि त्याच्याही खाली एक विचार होता, तो मी कुणाला सांगितला नाही. देवांनाच यायचे नव्हते का? बरे, देवांचे राहू द्या. मला तरी कुठे यायचे होते?

बुधवारी घरमालकांना फोन केला. नवे भाडेकरू सोमवारी संध्याकाळीच आले होते. त्यांच्यातल्या रामीबाईंचा नंबर मिळाला. लगेच लावला.

“रामीबाई का? मी कुंदा. आधी त्या घरात राहत होतो आम्ही...”

“डब्यावाल्या बाई!” ती जवळजवळ ओरडलीच. “अवो, कुठं होत्या तुमी? खिचडीले तांदूळ काढले तं देव हातात आले! माहा तं जीवच गेला.”

“कुठे आहेत ते?”

“हाय न, पाटावर बसवले. तुमचे मंत्रबिंत्र मले येत नाही. म्हटलं, आपली आंघोळ तेव्हा त्यायची.”

मी फोन खांद्याशी दाबून धरला आणि तिथूनच हात जोडले.

“पण बाई, एक सांगू का? देव घरात आले तवापासून म्या मटण नाही शिजवलं. आमचा घरवाला टोमणे मारून राह्यला, ‘देव त्यायचे अन् उपास माहा!’ उद्या माहा भाऊ येऊन राह्यला पुसदहून. दोन वर्षांनं येते. त्याच्या पुढं काय वरणभात ठेवू?”

“तुम्ही खुशाल शिजवा. देव काही रागावत नाहीत.”

“ते नाही रागवत हो. माह्याच हातून नाही होत. दुसऱ्याचे देव, दुसऱ्याचा नेम. तुमी या अन् घेऊन जा.”

इकडे मी उपाशी, तिकडे तिचा घरवाला. माझ्या तोंडून गेले, “उद्या दुपारच्या आत येते. शब्द देते तुम्हाला.”

रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा मी ते सांगितले. साकेत म्हणाला, “आई, उद्या ड्युटी आहे. रविवारी गाडी काढतो न.”

“मी एसटीनं जाते.”

“तू?” यांनी घास हातातच धरला. “वडकीले गाडी बदला लागते. यवतमाळच्या बाजारात बी माह्या मांगंमांगं चालत होती तू. अन् माहा गुडघा हा असा. रविवारी जाऊ सगळे.”

रविवार ठरला. मी काही बोलले नाही. आमच्या घरात मी गप्प बसले की तो होकार धरतात, आणि इतकी वर्षे तो होकारच होता.

गुरुवारी उजाडता उजाडता आंघोळ केली. रिकाम्या देवघरापुढे हात जोडले, पण मागितले काही नाही. गौरीच्या चहाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली, ‘राळेगावला जाते. संध्याकाळी परत.’ हे घोरत होते. दार आवाज न करता ओढून घेतले.

खाली रस्त्यावर एक बाई आपल्या दुकानापुढची काळी धूळ झाडत होती. या गावात मी अजून कुणाशी बोलले नव्हते.

“अवो बाई, एसटी स्टँड कोणत्या अंगाले आहे?”

तिने खराट्यानेच वाट दाखवली. मी पदर खोचला आणि चालू लागले.