सातवा रकाना

वकील अलकाताई म्हणाल्या होत्या, तक्रारीचा अर्ज आधी मराठीत भरा, कन्नड मी करून देते. म्हणून स्मृती प्रेमाकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर लिहायला बसली. बनशंकरीतलं भाड्याचं घर काकूंनीच दाखवलेलं; नकार आला तेव्हाही त्या शेजारीच उभ्या होत्या.

१. तक्रारदार: स्मृती भीमसेन गायकवाड, इंजिनियर, पीण्या, बेंगळुरू.

२. कोणाविरुद्ध: घरमालक रघुजी.

३. आधी काय ठरलं?
आडनाव ऐकूनच रघुजी खुलले होते. "गायकवाड? मग आपल्यातलेच की, अक्का!" पडद्यांची मापं घ्यायला किल्लीसुद्धा दिली.

४. नकाराचे शब्द, जसेच्या तसे:
"स्वल्प अडचण आहे, अक्का. भिंतीपलीकडं आमचं देवघर. तुमच्या जातीला नाही द्यायचं."

"लिही, लिही," काकू म्हणाल्या. "माझ्या कानांनी ऐकलंय. मेल्याला सोडायचं नाही."

५. तारीख: मागचा रविवार.

६. साक्षीदार: प्रेमा विद्याधर.

७. मालकाला जात कशी कळली?

पेन थांबलं.

ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. मराठी मंडळातही नाही. सगळ्या बेंगळुरूत तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. याच टेबलावर, वरणभात कालवताना.

"काकू?"

"अगं, त्यांनी कुलदैवत विचारलं."

"मग?"

"देवाच्या बाबतीत खोटं कसं बोलू? म्हटलं, ते लोक बुद्धाला मानतात. पण चांगलंच सांगितलं हो! मुलगी शिकलेली, स्वच्छ. वाटतसुद्धा नाही, म्हटलं."

वाटतसुद्धा नाही.

वाटतसुद्धा—

"तिथं माहीत नाही असं लिही," काकूंनी आवाज खाली आणला. "मंडळात तोंड दाखवायचंय मला. लगेच सही करते, बघ."

दुसरा साक्षीदार नव्हता. एकाच्या शब्दावर पोलीस हलत नाहीत, हे अलकाताईंनी दोनदा बजावलं होतं. दोन शब्द लिहिले की काम झालं असतं.

७. प्रेमा विद्याधर यांनी सांगितलं. त्यांना मी विश्वासानं सांगितलं होतं.

तिनं कागद काकूंकडे फिरवला. "करा सही."

काकूंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे गं काय? मी तुझ्याच बाजूची ना?"

"मग करा."

काकू उठल्या आणि आत जाऊन भांडी लावू लागल्या.

६. स्मृतीनं नावावर आडवी रेघ मारली. खाली स्वतःची सही केली, कागद पिशवीत सरकवला.

"अगं, जेवून तरी जा!" आतून हाक आली.

ती चपला घालत होती.