सोडलेल्या गाठी

जेवणाच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या रजईचे तुकडे बांधलेले होते. तीन गाठी घट्ट होत्या. दाराकडच्या कोपऱ्याची मात्र सैल, कारण पाहुणे येणार असले की आई आधी तीच सोडायची.

तिच्या धाकट्या मुलाला तीव्र हिमोफिलिया होता. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नसे. लहानपणी नुसता गुडघा आपटला तरी सांध्यात रक्त साचायचे. म्हणून कोपरे बांधलेले. आणि लोकांना कळू नये म्हणून पाहुण्यांपुरते सोडलेले! नेमके घर माणसांनी भरलेले असताना टेबल उघडे.

आज ताईच्या होणाऱ्या सासूबाई यायच्या होत्या. आईने पहिली गाठ सोडली.

"काढायचंच तर मला गरज उरली नाही म्हणून काढ. पाहुण्यांसाठी नको," धाकटा म्हणाला. तो आता मोठा झाला होता, घड्याळे दुरुस्त करी. "नवं इंजेक्शन सुरू झाल्यापासून एकदा तरी सुजलाय का माझा सांधा?"

"मग झालास ना बरा! कशाला गावभर करायचं?"

"बरा नाही झालो. मोठा मार लागला तर फॅक्टर, म्हणजे तो रक्त गोठवणारा घटक, टोचून घ्यावा लागणारच, आणि हे इंजेक्शनही कधीकधी रुग्णालयात येतच नाही. पण मी ताईचं बोलतोय. दाढ काढली तेव्हा तिचं रक्त थांबत नव्हतं, विसरलीस? हा दोष तुझ्याकडून तिच्यातही आला असण्याची शक्यता निम्मी आहे. तपासून घेतलं तर बाळंतपणात डॉक्टर तयारीत राहतील. नाहीतर तिच्या जिवावर बेतेल!"

"माझ्यामुळे तिचं लग्न मोडेल रे."

"तुझ्यामुळे? जनुक काय तू दुकानातून आणलंस? तसं असतं तर घासाघीस करून चांगलंच आणलं असतंस!"

आतून ताई हसली. "आई, मोडायचंच असेल तर आजच मोडू दे. प्रसूतिगृहाच्या दारात नको."

बेल वाजली. सासूबाई आत आल्या आणि टेबलाकडे पाहून म्हणाल्या, "अगं बाई, घरात लहान मूल आहे वाटतं?"

वाचकहो, औषध कितीही पुढे गेले तरी ज्या आजाराचे नाव आपण घेत नाही, त्याच्यापर्यंत ते पोचणार कसे? आजार असण्यात लाज नाही. तो लपवण्यात मात्र धोका आहे.

 सासूबाईंच्या देखत आईने उरलेल्या तिन्ही गाठी सोडल्या, तुकडे बाजूला ठेवले आणि ताठ मानेने म्हणाली,

"माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे. आता त्याला या कापडांची गरज नाही. आणि उद्या मी माझ्या मुलीला तपासणीला नेणार आहे!"