आर्गॉनच्या डब्याची धास्ती

मी आर्गॉनचा डबा बोलतोय. उद्या मला पुन्हा भरणार आहेत आणि मला आत्तापासूनच धास्ती वाटतेय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म मुरुम गावचा, शरणप्पांच्या दुकानातला. तीस वर्षं ते दुधाच्या स्टीलच्या टाक्या बनवतात. सास्तूरची अर्पिता कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. ती माझं चित्र घेऊन आली आणि म्हणाली, यात आर्गॉन वायू खूप गार करून, पातळ करून भरायचाय. शरणप्पांनी मान डोलावली. गार म्हटल्यावर त्यांना दूधच दिसलं असणार.

विश्वात डोळ्यांना न दिसणारं डार्क मॅटर भरून आहे म्हणतात, पण ते अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. पृथ्वी त्यातून धावते, म्हणून त्याचे कण एका बाजूनं जास्त यायला हवेत. ती बाजू ओळखायची. आर्गॉनमधून कण गेला की इलेक्ट्रॉन सुटतात. माझ्यात वीज त्यांना तळापासून झाकणाकडं ओढत असते. कण त्याच रेषेत आला तर सुटलेले इलेक्ट्रॉन वाटेतच पुन्हा अणूंना चिकटतात, म्हणून कमी हाती लागतात, आडवा आला तर जास्त. एवढ्याशा फरकावर दिशा ठरवायची!

माझ्यासारख्या डब्याला डार्क मॅटर कुठलं सापडायला? अर्पिताला फक्त ही रीत तपासायची होती, आकाशातून सतत वरून येणाऱ्या साध्या कणांवर. रोज सकाळी मला नव्यानं भरून आडवं ठेवून मोजायचं, दुपारी उभं करून; उभ्यात कण विजेच्या रेषेत येणार, म्हणजे इलेक्ट्रॉनचा आकडा कमी यायला हवा. जमलं तर विद्यापीठाची समिती मोठ्या डब्याला मंजुरी देणार होती. तिची चार वर्षं त्यात गेली होती.

आणि फरक दिसला. दुपारी आकडा रोज खाली. अर्पितानं वहीत 'दिशा कळते' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. माझ्या सांध्याला केसाएवढी भेग होती. तिच्यातून हवा शिरायची आणि हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन गिळायचा. दुपारपर्यंत आकडा पडणारच, मी उभा असो की आडवा. पण सांगू कसं?

समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळीच शरणप्पा कॉलेजात आपलं काम बघायला आले. मी रिकामा होतो. सवयीनं त्यांनी माझ्यात हवा भरायला लावली आणि सांध्याला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा फुगला. ते बघत राहिले. फडकं हातातच होतं. पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"ताई, चूक माझी हाय," ते म्हणाले. "दूध अडकू नये म्हणून आमी सांधा आतून घासून गुळगुळीत करतो. म्या हे बी तसंच घासलं. लई पातळ झालं, गारठ्यानं तडकलं."

अर्पितानं लगेच मला भरलं. आडवं मोजलं, उभं मोजलं आणि पहिल्यांदाच पुन्हा आडवं. फरक खरा असता तर आकडा परत चढला असता. तो चढला नाही. तिनं वहीतलं ते वाक्य खोडलं आणि समितीला सगळं सांगून टाकलं. समितीनं एक महिना दिला.

शरणप्पांनी मला नव्यानं जोडलंय. घासायला त्यांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते आवरले. आता भेग नाही, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. एक विनंती आहे. उद्या मला उभं केल्यावरही आकडा हललाच नाही, तर अर्पिताला लगेच काही विचारू नका. या वेळी दोष द्यायला तिच्याकडं मीसुद्धा नसेन.